आधी खोली द्या

पारलिंगी विद्यार्थ्यांना फी माफ. निर्णय चांगला आहे, घेणाऱ्यांचं मनापासून अभिनंदन. आता पुढचा प्रश्न : ही मुलं राहणार कुठं?

2017 मध्ये इग्नूनं पारलिंगी विद्यार्थ्यांची फी माफ केली. पुढं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतही तसे निर्णय झाले. पण पोफळीसारख्या गावातून निघालेल्या पोराचं घोडं फीच्या खिडकीपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच घर सुटलेलं असतं. दाखल्यावर जुनं नाव असतं. खोली बघायला गेलं की घरमालक वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि खोली कालच गेली म्हणून सांगतो. मुलांच्या वसतिगृहात जीव मुठीत धरून राहायचं, मुलींच्या वसतिगृहात दार बंद. या सगळ्या अडचणींत फी सगळ्यात शेवटची. ती आपण आधी सोडवली, कारण ती सोडवायला फक्त एक परिपत्रक लागतं. खोली द्यायला खोली लागते.

म्हणून माझी मागणी फीची नाही. मुंबई विद्यापीठानं पारलिंगी अभ्यासकांसाठी निवासी संशोधनवृत्ती सुरू करावी. दोन वर्षं राहायला खोली, लिहायला टेबल, दरमहा जगता येईल एवढे पैसे, हाताशी ग्रंथालय. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. आणि हे सगळं मुंबई-पुण्यात नको, इथं हवं, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात. पोफळीत झालं तर सोन्याहून पिवळं.

पोफळीत का, ते सांगतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इकडं आणायचं ठरलं तेव्हा हा रानाचा मुलूख होता. वीज हवी तर अभियंते हवेत, फोरमन हवेत, फिटर हवेत, आणि ते हवेत तर त्यांना घरं हवीत, हे सरकारला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वसाहत झाली, रस्ते झाले. 1962 मध्ये डोंगराखालच्या वीजगृहात पहिला संच फिरला आणि पहिल्या दोन टप्प्यांत मिळून 600 मेगावॅटची क्षमता इथं उभी राहिली. कुणी असं म्हणालं नाही की अभियंत्यांचा प्रवासखर्च माफ केलाय, राहायचं त्यांचं त्यांनी बघावं. ज्या कामाची गरज मनापासून वाटते, त्या कामाच्या माणसाला सरकार क्वार्टर देतं. पारलिंगी संशोधकाला क्वार्टर मिळत नाही याचा सरळ अर्थ असा, की त्याच्या कामाची आपल्याला अजून गरज वाटलेली नाही.

गरज वाटते ती त्याच्याकडून माहिती घेण्याची. त्यासाठी प्रश्नावल्या निघतात. समाजकार्याचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी येतात, वय विचारतात, उत्पन्न विचारतात, घरच्यांनी कधी हाकललं ते विचारतात, पहिल्यांदा साडी कधी नेसलीस तेही विचारतात. प्रबंध होतो, पदवी मिळते, प्राध्यापकाला बढती मिळते. उत्तरं देणारी व्यक्ती मात्र सिग्नलवर जिथं होती तिथंच उभी असते. तिच्या दुःखावर दुसऱ्याचं करिअर उभं राहतं आणि प्रबंधाच्या सुरुवातीला तिचे आभार मानलेले असतात. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. ज्याचं आयुष्य आहे त्याला निदान प्रश्न तरी ठरवू द्या.

जगात हे सुरू झालंय. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात 2016 पासून पारलिंगी अभ्यासाचं अध्यासन आहे. ते ज्यांनी उभं केलं ते समाजशास्त्रज्ञ आरन डेव्हर स्वतः पारलिंगी आहेत. त्याच विद्यापीठात पारलिंगी माणसांच्या इतिहासाचा मोठा दप्तरखाना आहे. पत्रं, मासिकं, फोटो, संघटनांची कागदपत्रं, सगळी कपाटं एका ओळीत लावली तर दीडशे मीटरच्या पुढं जातील. आपल्याकडं अशी कागदपत्रं नाहीत असं कुणी समजू नये. आपल्याकडं ती मोडी लिपीत आहेत.

लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचा 1987 चा एक निबंध आहे, मुंबई इलाख्यातल्या हिजड्यांच्या हक्कांवर. मराठा राज्यांनी हिजड्यांना सनदा दिल्या होत्या. कुणाला जमीन, कुणाला रोख नेमणूक, कुणाला ठरावीक गावांतून मागण्याचा पिढीजात हक्क. गुरूकडून चेल्याकडं हे हक्क जात. इंग्रज आले, त्यांनी इनामं तपासली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे हक्क मोडीत निघाले. पुढं उत्तरेत 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर या माणसांची पोलिसात नोंदच करायला लावली. ज्यांच्या हातात राज्याची सनद होती, त्यांचीच पोरं आज रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवतात आणि आपण म्हणतो, हे पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून असं नव्हतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. मोडी शिकलेला एखादा पारलिंगी अभ्यासक त्या रुमालांपुढं दोन वर्षं बसला तर काय काय हाती लागेल! निबंध इंग्रजीत निघाला, परदेशी माणसानं लिहिला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मराठीत हे काम पुढं नेणाऱ्याला बसायला जागा कोण देणार?

आमच्या कोकणातही विषयांना तोटा नाही. शिमग्यात राधा येते, गोमू येते, संकासूर येतो. साडी नेसलेला गडी अंगणात नाचतो, घरातली बाई त्याच्या हातावर पैसे ठेवते, पोरं मागं धावतात. नमनात गवळणी होतात त्याही वर्षानुवर्षं पुरुषच. ही सोंगं आहेत, हे मला कळतं. गोमू झालेला गडी रात्री साडी सोडून घरी जातो, आणि पारलिंगी मूल म्हणजे सोंग नव्हे. दोन्हींची गल्लत करणाऱ्यांवर माझा राग आहे. पण ज्या वाडीला शिमग्यात साडीतला गडी चालतो, त्याच वाडीला चालण्या-बोलण्यात वेगळा वाटणारा सातवीतला मुलगा का चालत नाही? त्याचे हाल शाळेत होतात, मग घरात होतात, मग तो रात्रीची एसटी धरतो आणि मुंबईत नाहीसा होतो. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांवर किती लिहिलं गेलं. या मुलांवर कुणी लिहिलं? ती गणपतीला परत येत नाहीत, म्हणून ती गेली हेसुद्धा गाव विसरून जातं.

घाट चढून कराडवरून खाली कोल्हापूरकडं गेलं की यल्लमाचा मुलूख लागतो. देवीला सोडलेले, साडी नेसणारे जोगते, आणि जोगतिणी. राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतून तो मुलूख मराठी वाचकासमोर आणला, त्यावरून 2009 मध्ये 'जोगवा' हा चित्रपट आला, थिएटरात माणसं रडली. 2012 मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आलं. दिशा पिंकी शेख यांची कविता आली. साहित्यानं आपलं काम केलं. विद्यापीठ कुठं आहे?

कायद्याचं म्हणाल तर तो पुढं निघून गेला. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, आणि शिक्षणात, नोकरीत या समाजाला आरक्षण द्या. मग 2019 चा कायदा आला. त्यानं जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचं ओळख प्रमाणपत्र आणलं. आरक्षणाचं भिजत घोंगडं राहिलं. कर्नाटकानं 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. समांतर हा शब्द इथं फार महत्त्वाचा. दलित पारलिंगी व्यक्तीला आपल्या दोन ओळखींपैकी एक सोडायला लागू नये, म्हणून तो. बेळगावात जे मिळतं ते कोल्हापुरात मिळत नाही.

आमच्या गावाशी जवळचं उदाहरण देतो. पोफळीची वीज बाहेर जाते ती महापारेषणच्या तारांतून. त्या महापारेषणच्या भरतीत पारलिंगी उमेदवारांना आरक्षण हवं म्हणून विद्युत शाखेत उच्चशिक्षण घेतलेल्या एका उमेदवाराला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मार्च 2023 मध्ये सरकारनं या प्रश्नावर समिती नेमली. अभियंता आहे, शिक्षण त्याच विषयाचं आहे, काम येतं, आणि तरी कोर्ट. म्हणूनच मी म्हणतो, संशोधनवृत्ती देताना विषयाची सक्ती करू नका. पारलिंगी माणसानं पारलिंगी विषयावरच लिहिलं पाहिजे, हा आणखी एक पिंजरा. अभ्यासकाला कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायचा असेल, वाशिष्ठीच्या पुराचा करायचा असेल, धरणानं उठवलेल्या गावांचा करायचा असेल, तर करू द्या. 1967 चा भूकंप ज्या खडकात झाला त्या खडकाला अभ्यासकाचं लिंग विचारायचं नसतं.

कुणी म्हणेल, हे सगळं आपल्या मातीतलं नाही. तर मातीचंच बोलू.

धोंडो केशव कर्वे आमच्याच जिल्ह्याचे, मुरूडचे. पोरवयात ते परीक्षा द्यायला मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. वाटेत पाऊस, जंगल, अंधार. तिथं पोचल्यावर परीक्षेच्या साहेबानं बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसू दिलं नाही. वय पुरतं होतं, अंगलट साहेबाला पटली नाही. आज परीक्षा केंद्राच्या दारावर पारलिंगी विद्यार्थ्याचं हेच होतं. हॉल तिकिटावरचा फोटो, नाव आणि समोरचा चेहरा जुळत नाही, बाजूला उभे राहा. कर्व्यांना बाजूला उभं करणारा साहेब कोण होता हे आज कुणाला माहीत नाही. कर्वे कोण होते हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि कर्व्यांनी पुढं काय केलं ते नीट बघा. 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, मुरूडनं वाळीत टाकलं. 1896 मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 मध्ये तो हिंगण्याला, एका झोपडीत गेला. महिला विद्यापीठ आलं 1916 मध्ये. आधी छप्पर, विद्यापीठ वीस वर्षांनी. ज्या बाईला घरानं टाकलंय तिला आधी निजायला जागा लागते, पुस्तक त्यानंतर, हे त्या माणसाला कळलं होतं. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. लैंगिकतेवर मराठीत उघडपणे बोलत होते, त्यासाठी कोर्टात उभे राहत होते, आणि 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. ही परंपरा आमच्या जिल्ह्याची आहे. परकं काय आहे त्यात?

शाहू महाराजांचंही तेच. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम 1917 चा. त्याआधी सोळा वर्षं, 1901 मध्ये, कोल्हापुरात मराठा बोर्डिंग झालं होतं. मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्यांचं. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर त्याला कुणी खोली देत नाही, पंगतीला बसवत नाही, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कराडजवळ काले गावात, आमच्या कुंभार्ली घाटाच्या पलीकडं. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला. महाराष्ट्राचं बहुजन शिक्षण बोर्डिंगांनी उभं केलं आणि आज आपण पारलिंगी मुलाला फीमाफीचा कागद देऊन मोकळे होतो.

वसतिगृह शक्य नाही, असं ऐकायला मिळतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं 2018 मध्ये आवारात लिंगनिरपेक्ष वसतिगृह केलं. विद्यार्थ्यांनी मागितलं, संस्थेनं दिलं. केरळनं त्याच वर्षी विद्यापीठं आणि संलग्न महाविद्यालयांत प्रत्येक अभ्यासक्रमाला पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी दोन जादा जागा केल्या. कुठं आभाळ कोसळलं?

आता पैसे. केंद्राच्या स्माइल योजनेत पारलिंगी विद्यार्थ्याला वर्षाला 13,500 रुपये शिष्यवृत्ती आहे. महिन्याला 1,125. चिपळुणात या पैशात खोली मिळत नाही, कॉट मिळाली तर नशीब. याउलट नेट होऊन जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला महिन्याला 37,000 मिळतात. त्या परीक्षेत पारलिंगी उमेदवाराला वयात पाच वर्षांची सवलतही आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण दारापर्यंत यायला बी.ए., एम.ए. लागतं, आणि त्या वर्षांत छप्पर लागतं. राज्यात वेगवेगळ्या समाजांसाठी बार्टी आहे, सारथी आहे, महाज्योती आहे. ज्या समाजाला वर यायला हात लागतो त्याला सरकारनं हात दिला पाहिजे हे तत्त्व आपण मान्य केलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्त्री-पुरुष सोडून 'इतर' अशी नोंद 40,891 जणांची झाली. ज्यांना नोंद करायला भीती वाटली ते वेगळेच.

माझा हिशेब सोपा आहे. तीन अभ्यासक, दोन वर्षं, जेआरएफच्या दरानं : 26 लाख 64 हजार रुपये. तीनच का? कारण एकटीला नेमू नये. 2015 मध्ये पश्चिम बंगालात मानबी बंदोपाध्याय कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. देशभर बातमी झाली. पीएच.डी. झालेली, लेखिका, अनुभवी प्राध्यापक. 2016 संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. सहकाऱ्यांचं सहकार्य नाही, हे त्यांचं कारण. खुर्ची दिली, सोबत दिली नाही. तिघं एकत्र राहिली तर संध्याकाळी बोलायला कुणी असतं, आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला कुणी असतं, आणि गावानंही तिघांची सवय करून घेणं सोपं जातं.

मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे. तिथून हे चालवता येईल. राहायची सोय पोफळी-अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतींत करता येते का, हे विद्यापीठानं महानिर्मितीला आणि जलसंपदा खात्याला एक पत्र लिहून विचारावं. वाचायला चिपळुणात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, 1864 पासूनचं. 2021 च्या पुरात ग्रंथालयाचं मोठं नुकसान झालं, आणि चिपळूणकरांनी ते पुन्हा उभं केलं. पोफळीहून एसटी आहे. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी आपण सारखी ऐकतो. ते झालं तर पहिल्या इमारतीत या तीन खोल्या धरूनच नकाशा काढावा.

जाहिरातीबद्दल दोन सूचना. अर्जात शस्त्रक्रियेचे कागद मागू नका. न्यायालयानं 2014 मध्येच ते अनावश्यक ठरवलंय. आणि जुन्या नावाचा दाखला चालेल असं स्पष्ट छापा. नाव बदलायच्या खेपांत अर्जाची मुदत निघून जाते.

शेवटची हरकत मला आताच ऐकू येतेय : एवढं करून अर्जच आले नाहीत तर? पहिल्या वर्षी कमी येतील, कदाचित येणारही नाहीत. कर्व्यांच्या विद्यापीठातून 1921 मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा त्या पाच जणी होत्या. विद्यापीठ बंद करा असं कर्वे म्हणाले नाहीत. आपणही दुसऱ्या वर्षी पुन्हा जाहिरात काढायची, तिसऱ्या वर्षी पुन्हा काढायची, आणि दर वेळी ती चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वरच्या प्रत्येक हायस्कुलात नववीच्या वर्गाबाहेर लावायची.